साक्षीत तुझं नाव

पालम

प्रिय निकिता,

मंगळवारी पार्सल मिळालं. हाताचा पट्टा एक, खजूर अर्धा किलो, वर टपालाचे बासष्ट रुपये. पट्ट्याची किंमत तू खरवडून काढलीस. मी मेडिकलवाल्याला विचारली, तीनशे चाळीस. चिठ्ठी मात्र नाही. तीन वर्षांत वालूरहून तुझी एक ओळ नाही, मग आताच का? शिवाय पट्टा डाव्या हाताचा, अन् मोडला उजवा. म्हणजे खबर चर्चमधल्या कमलबाईनंच दिली. तिला डावं-उजवं कधी कळलंय? पैसे तुझे की शिवकांतचे? त्याच्या घरच्यांना ठाऊक आहे का?

दीड महिन्यापूर्वी मोरीत पाय घसरला. प्लास्टर निघालं, अक्षर अजून वाकडं येतंय. कमलबाई प्रार्थनेला आली अन् म्हणाली, "देवाची काठी हाय ही, सुमन. काय केलंस ते कबूल कर." प्रार्थनेला आली की चौकशीला, कोण जाणे, चहा दोनदा प्याली. पण ती गेल्यावर मी खरंच शोधू लागले. चर्चला द्यायचा दशमांश थकलेला नाही, उपास चुकलेला नाही. मग देवाचाच संशय आला, की हा कशाचा राग काढायलाय?

पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हात कशानं मोडला ते मी कसं सांगू? मोरी घासून घ्या. पण देव शिक्षा करतो ती आपल्या लेकराला, घरात ठेवून, शिकवायला. शिक्षा अन् शिकवण एकाच घरचे शब्द आहेत, बाई." मला लय लागलं ते. तू शिवकांतशी लग्न करून दारात उभी राहिलीस, तेव्हा मी कडी लावली अन् आतून ओरडले, ही देवाची शिक्षा समज. बाहेर काढलेल्या लेकराला कोण काय शिकवणार? राग माझा होता, नाव देवाचं घातलं. लग्न मला अजून पटलेलं नाही, हेही लिहिते, खोटं कशाला?

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चर्चमध्ये मंडळीपुढे साक्षीला, देवानं काय शिकवलं ते सांगायला, उभी राहणार आहे. कमलबाईला वाटतं, हाताचं सांगेन. मी कडीचं सांगणार आहे. तुझं नाव घेतल्याशिवाय ते सांगता येत नाही, अन् तुला न विचारता ते पुन्हा चारचौघांत काढायचं नाही. फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं "बरं" म्हणशील अन् मी रात्रभर त्याचा अर्थ लावत बसेन. नाव घेऊ का? अन् त्या दिवशी माझ्या बाकावर येऊन बसशील का? शिवकांतला आणायचं तर आण. उलट टपाली कळव.

तुझीच,
आई