दानचूला शिस्त लावली, त्याची हकिकत

३ मार्च, सकाळी ७
सोसायटीचं पत्र आलं. काल लिफ्टमध्ये आमचा दानचू बाराव्या मजल्यावरच्या बांग आजींवर भुंकला. त्यांच्या हातून अंड्यांचा ट्रे पडला. महिनाअखेरपर्यंत कुत्र्याने सार्वजनिक वागणुकीची परीक्षा पास करावी, नाहीतर त्याला लिफ्ट बंद. आम्ही चौदाव्या मजल्यावर. बायकोचे, म्योंगओकचे, गुडघे दुखरे, जिना जमत नाही. म्हणजे दानचू तिच्या बहिणीकडे, गावाला. बायकोने पत्र दोनदा वाचलं. तिला म्हणालो, एकतीस वर्षं लोकांची ड्रायव्हिंगची परीक्षा घेतली मी, कुत्रा म्हणजे काय? दोन आठवडे पुरेत.

५ मार्च
पाठ पहिला : बसणे. दानचू बसेना. मग मीच बसून दाखवलं. सात वेळा. म्योंगओक स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्हाला छान जमतंय की." निम्मा पाठ झाला, असं धरतो.

९ मार्च, संध्याकाळी
नदीकाठी शिट्टीचा प्रयोग. पळणारे दोघे थांबले, एक सायकलवाला थांबला. दानचू नाही थांबला. शिट्टी चांगली आहे.

१४ मार्च
बाजार. बक्षीस म्हणून फिशकेकच्या, म्हणजे माशाच्या वड्यांच्या, पाच काड्या घेतल्या. तो एकाही बक्षिसाला पात्र ठरला नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून मी खाल्ल्या. दुकानवाली म्हणाली, "आजोबा, कुणावर ओरडताय? कुत्रा तर गप्प उभा आहे." मी चौसष्टचा आहे. आजोबा कसला?

२१ मार्च
लिफ्ट. पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरला. बाराव्या मजल्यावर दार उघडायच्या आतच "शांत! शांत!" असं बजावलं. दानचू भुंकला. बांग आजी म्हणाल्या, "तुम्ही दोघं आधी जा, मी पुढच्या फेरीला येते." ‘दोघं’ म्हणाल्या, म्हणजे मलाही धरून. ऐकण्यात चूक झाली असेल.
म्योंगओकने बहिणीला फोन केला. अंगण केवढं आहे, ते विचारत होती. मी बाल्कनीत जाऊन उगाच कुंड्या हलवल्या.

२७ मार्च
परीक्षा. मॉलच्या दारासमोर. परीक्षक मेंग बाई, पन्नाशीच्या, आवाज अगदी हळू. माझ्या हातात पट्टा असताना दानचू दहा मिनिटांत तिघांवर भुंकला. मग बाईंनी पट्टा म्योंगओककडे दिला. ती गुडघ्यामुळे सावकाश चालते. तोही तसाच चालला, दर चार पावलांनी थांबून तिच्याकडे बघत. बाजूने ढकलगाडी गेली, त्याने जांभई दिली. पास.
मेंग बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "माणूस दिसला की तुम्ही पट्टा ताणता. त्याला वाटतं, काहीतरी धोका आहे. तुम्ही ओरडलात की तो बिचारा तुमच्या मदतीला येतो."
दाखला म्योंगओकच्या नावावर. खाली शेरा : पतीने स्वतंत्र वर्ग पूर्ण करेपर्यंत पट्टा त्यांच्या हाती देऊ नये. एवढ्या वर्षांत हजारोंना नापास केलं. नापास झालेल्याने चेहरा कसा करायचा असतो, ते आज कळलं. कळलं म्हणजे, जमलं नाही.
घरी येताना बायको दानचूशी गप्पा मारत होती. मी पिशव्या धरल्या.

४ एप्रिल, दुपारी
वर्गाचा पहिला दिवस. विद्यार्थी चार, मीच सगळ्यात वयस्क. खरा कुत्रा अजून देत नाहीत. मला कापसाचा दिलाय, तपकिरी, एक कान शिवलेला, पट्ट्याला छोटी घंटा. त्याला घेऊन बागेत अर्धा तास चालायचं, पट्टा सैल, तोंड बंद. लोक बघत होते. दोनदा पट्टा ताणला आणि तो आडवा पडला. उचलून झटकला, पुन्हा चाललो.
बाकावर एक बाई बसल्या होत्या. काळा चष्मा, हातात पांढरी काठी. पट्ट्याची घंटा ऐकून म्हणाल्या, "किती शांत कुत्रा आहे हो तुमचा."
म्हणालो, मीच शिकवलंय.