बायकांचा आजार

७ सप्टेंबर
रोजनिशी पुन्हा सुरू. निवृत्त माणसाला शिस्त हवी. संकल्प: सकाळी फिरणे, साखर बंद, प्रेमिलावर चिडणे बंद.

आज बुद्धविहारात महिलांसाठी स्तनाच्या कॅन्सरचं तपासणी शिबिर. विहार समितीचा सचिव या नात्याने सगळं आयोजन माझं. प्रास्ताविकही मीच केलं, चांगलं लांबलं. गाठ दुखत नसली तरी दाखवा. स्तनाग्र आत ओढलं गेलं तर दाखवा. रक्त आलं तर लगेच दाखवा. लाजून जीव घालवू नका. बायका माना खाली घालून ऐकत होत्या. समाजात अज्ञान फार आहे. आमचे अध्यक्ष मधुकरराव म्हणाले, गुरुजी, तुम्ही तं डॉक्टरपेक्षा जास्त बोलून राहिले. कौतुक समजतो.

माझ्या छातीवर डाव्या बाजूला ती गाठ अजून आहे. उन्हाळ्यापासून. दुखत नाही, म्हणजे काळजी नाही. खिशात चष्म्याचं घर असतं, त्याने घट्टा पडला असणार.

१६ सप्टेंबर
चष्म्याचं घर पँटच्या खिशात ठेवायला लागलो. त्यावर बसलो. नवा चष्मा करावा लागेल. घट्टा जैसे थे. फिरणं सोमवारपासून.

२ ऑक्टोबर, संध्याकाळ
दसरा. दीक्षाभूमीवर जाऊन आलो. अफाट गर्दी. नवा पांढरा शर्ट घातला होता. घरी आल्यावर प्रेमिलाला छातीपाशी लालसर डाग दिसला. म्हटलं, लाल पेन गळला असेल. ती म्हणाली, शाळा सोडून तीन वर्षं झाली, आता कोणाचे पेपर तपासून राहिले? मग शर्ट काढायला लावला आणि बघतच राहिली. म्हणाली, शिबिरात पहिल्या रांगेत मीच बसली होती, रक्त आलं तं दाखवा असं तुम्हीच सांगत होते ना?

ते बायकांसाठी होतं, हे मी तिला शांतपणे समजावलं. तिला पटलं नाही. दिवाळीनंतर दाखवू म्हणालो. ती म्हणाली, उद्या. शेवटी मध्यम मार्ग निघाला: पुढचा आठवडा.

९ ऑक्टोबर
दवाखाना. काउंटरवरच्या मुलीने खुर्ची प्रेमिलाला दिली, प्रश्नही तिलाच विचारले. मी सोबत आलेला माणूस. मला ते सोयीचं वाटलं. आत जायची वेळ आली तेव्हा प्रेमिलाने मला कोपर मारलं. आत बायका बसलेल्या. मला बघून एकीने पदर सावरला. मॅमोग्राफीचं मशीन पुरुषाचा विचार करून बनवलेलं नाही. जे काही होतं ते ओढून ओढून त्यात बसवलं. अधिक लिहीत नाही.

बाहेर पडतो तर समोर मधुकरराव. बायकोला, वच्छलाबाईंना, थायरॉइडसाठी घेऊन आले होते. त्यांनी दारावरची पाटी वाचली, प्रेमिलाकडे पाहिलं आणि माझा हात हातात घेतला. म्हणाले, धीर धरा गुरुजी, वहिनीले काही होत नाही. मी सांगणारच होतो. पण इतक्या भल्या माणसाला चारचौघांत तोंडघशी कसं पाडायचं? म्हटलं, हो, बघू काय ते. ऑटोत प्रेमिलाने दवाखान्याची फाइल आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

१८ ऑक्टोबर
गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे.

डॉक्टर बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो, म्हणून पुरुष उशिरा येतात. तुम्हीही उशीरच केला. आधी ऑपरेशन, मग बहुतेक केमो, नंतर काही वर्षं गोळ्या. आणखी एक म्हणाल्या: पुरुषाला होतो तेव्हा तो घराण्यातून आलेला असू शकतो. मुलीला कळवा, तिलाही तपासून घ्यावं लागेल. दिपाली पुण्याला नोकरीला असते. कळवू, सवडीने. पोरीला उगाच ताण नको.

मी घाबरलेलो नाही. जेवण गेलं नाही, पण ते ॲसिडिटीमुळे.

२५ ऑक्टोबर
अख्ख्या नंदनवन कॉलनीत बातमी पसरली की गुरुजींच्या घरी कॅन्सर आहे. प्रेमिलाला. मी कोणाला काही सांगितलेलं नाही, हे नमूद करतो. फक्त कोणाचं खोडलंही नाही.

दुपारभर बायका येतात. वच्छलाबाईंनी डिंकाचे लाडू आणले आणि प्रेमिलाचा हात धरून म्हणाल्या, मन लहान करू नको वं, जीव राहिला तं सगळं राहिलं. कोणी भांडी घासून देतं, कोणी पोळ्या लाटून देतं. लग्न झाल्यापासून प्रेमिलाला इतका आराम कधी मिळाला नव्हता. एका अर्थी फायदाच झाला. मी बाजूच्या खुर्चीवर बसून केमो म्हणजे काय ते सगळ्यांना समजावतो. बायका म्हणतात, गुरुजींचं मन किती घट्ट आहे.

त्या गेल्यावर प्रेमिला म्हणाली, बाया माह्या तोंडाकडे नाही पाहत, छातीकडे पाहून बोलतात. मी म्हटलं, मग तूच सांगून टाक ना खरं काय ते. ती म्हणाली, दुखणं तुमचं आहे, तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.

संकल्प: रविवारी मधुकररावांना फोन.

२७ ऑक्टोबर
रविवारी रेंज नव्हती.

आज दिपालीचाच फोन आला, रडत. वच्छलाबाईंनी कळवलं म्हणे. म्हणाली, बाबा, आईले सांभाळा, मी सुट्टी घेऊन येऊन राहिली. तुम्ही आहात म्हणून मले धीर आहे. एवढं ऐकल्यावर माणूस काय बोलणार? मी आहे ना, म्हटलं. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो. पाणी गार आहे का ते बघत होतो.

४ नोव्हेंबर
घरी आजाऱ्यासाठी परित्राण पाठ ठेवला. म्हणजे मधुकररावांनीच ठेवला. भन्तेजींनी विचारलं, कोणासाठी मंगलकामना करायची? सगळ्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं. प्रेमिलाने माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला घसा साफ केला, पण तेवढ्यात मधुकरराव बोलून गेले. प्रेमिलाच्या नावाने पाठ झाला आणि तिच्या मनगटाला पांढरा धागा बांधला गेला. मंगलकामना घरात आली, हे महत्त्वाचं.

सगळे गेल्यावर ती धागा सोडून माझ्या हाताला बांधू लागली. मी म्हटलं, राहू दे, लोक बघतील. तिने तो मुठीत धरला.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
ऑपरेशन बुधवारी. मी स्पेशल रूम मागितली आहे, जनरल वॉर्डात ओळखीचे भेटतात. भेटायला कोणी येऊ नका, असं सगळ्यांना बजावलं आहे. तयारी चोख आहे.

प्रेमिला बॅग भरत होती. माझ्या बनियनच्या घड्या करता करता म्हणाली, आन् टेबलावर तुमचं काही बरंवाईट झालं तं लोकाईले काय सांगू? मी मेली म्हणून सांगू?

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिने एकाच बनियनची तीनदा घडी घातली आणि तीनदा मोडली. मग मला रडू आलं, आणि या वेळी जवळपास नळ नव्हता. भीती वाटते आहे. कापतील याची नाही इतकी. मागे ही एकटी राहील याची.

ठरलं. दिपाली येताच पहिलं वाक्य तेच. तिला तपासणीचंही सांगायचं. मनात तीन मुद्दे काढून ठेवले आहेत.

११ नोव्हेंबर
भरती झालो. उजव्या हाताला सुई टोचून सलाइन लावलं आहे, अक्षराचा पार चिवडा होतो आहे.

दिपाली पुण्याच्या गाडीने आली. दारातून सरळ आईकडे धावली. प्रेमिला खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. दिपालीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि खूप रडली. तिचे केस, पाठ, हात चाचपून पाहत होती. मी पलंगावर, हिरव्या गाऊनमध्ये, चादर गळ्यापर्यंत ओढलेली. मनात पहिल्या वाक्याची जुळवाजुळव करत होतो. मग ती डोळे पुसत माझ्याकडे वळली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही काहून झोपले बेडवर? उठा बरं, आईले लेटू द्या.

मी उठलो.

पाय खाली ठेवले, चपलाही शोधल्या. सलाइनची नळी ताणली गेली, स्टँड हलला. दिपालीने आधी स्टँड धरला. मग तिची नजर नळीवरून खाली खाली येत माझ्या हातापर्यंत आली.