रिकामं बरोबर रिकामं

तीर्थरूप मर्लमावशी हिस,

न्यूकासलहून टेगनचा ईमेलनेच नमस्कार. (समोर असते तर वाकायच्या आधीच तुझ्या कुत्र्याने मला आडवं केलं असतं.) गुडघा कसा आहे? इकडे सर्व क्षेम, काळजीचं काही नाही.

मागे तू विचारलंस, मी ऑफिसात नेमकं करते काय. नदीची उंची मोजणारी यंत्रं जी माहिती पाठवतात, ती वाचून नीट लावणारा प्रोग्राम आम्ही लिहिलाय. तो ती एका जुन्या, दुसऱ्यांच्या प्रोग्रामच्या हवाली करतो, आणि तो जुना प्रोग्राम पुराचा इशारा लोकांच्या फोनवर धाडतो. या दोघांचं एकमेकांशी जमतं का, हे बघणाऱ्या आमच्या चाचण्या वर्षभर पास होत होत्या, स्क्रीन कशी हिरवीगार. डॅमियनने (आमचा साहेब, हिरवं दिसलं की घरी जाणारा) त्या आनंदात केकही कापला. सोमवारी मला दुर्बुद्धी सुचली आणि मी एक चाचणी मुद्दाम बिघडवली. तरी ती पास. खणत गेले तर चाचणीसाठी ठेवलेली नमुन्याच्या आकड्यांची फाइल कुणीतरी भलतीकडे हलवलेली. दोन्ही प्रोग्रामांना वाचायला काही मिळतच नव्हतं, दोघंही रिकामं उत्तर देत होते, आणि रिकामं बरोबर रिकामं म्हणून आम्ही खूष.

फाइल जागेवर ठेवली तेव्हा खरं रूप दिसलं. पुरात यंत्र बुडालं की ते गप्प होतं आणि आकड्याची जागा कोरी येते. जुना प्रोग्राम कोऱ्या जागेला संकट समजतो. आमचा शहाणा तिथे शून्य भरून देतो. म्हणजे पाणी छपराला लागलं तरी आमच्या हिशेबी नदी कोरडीठाक. आधी मला हसू आलं, मग मी सगळं पुन्हा एकदा तपासलं.

डॅमियनला दाखवलं. म्हणाला, "अगं, वर्षभरात कुणाची तक्रार आली का?"

"वर्षभरात पूर कुठे आला?"

"मग झालं तर. लाँग वीकेंडच्या तोंडावर कशाला हात लावायचा नाही, माहीत आहे ना? मंगळवारी बघू."

(सुट्टीत काही मोडलं तर दुरुस्तीला माणूस मिळत नाही, म्हणून हा नियम. नदीला तो कुणी कळवलेला नाही.) वरच्या साहेबांनाही लिहिलं, पण ते मासे पकडायला गेलेत.

तुझी भाची,
टेगन

ता.क. काळजीचं काही नाही हे सवयीने लिहिलं गेलं. शनिवारपासून मोठा पाऊस सांगितलाय, आणि तुमच्या काठावरचं यंत्र आमच्याच प्रोग्रामवर आहे. उद्या गाडी घेऊन येते. कुत्र्यासकट तयार राहा, आणि शेजारच्या रीस मंडळींनाही सांग.

आणखी एक. तू म्हणशील, फोन वाजला की निघू, दरवेळी तसंच करतो. मावशी, फोन वाजणार नाही.