वहिनीला कंपनी पसंत पडेना

७ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दारासमोरची जागा तू आमच्यासाठी अजून धरून ठेवली आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. इथल्या भाड्याने कंबरडं मोडलंय. मुद्रितं तपासायचं माझं काम काय, टेबल आणि दिवा असला की कुठेही होतं. तुमच्या शहरात तेवढ्याच कमाईत माणूस निदान पाय पसरून झोपतो. तेव्हा यायचं हे नक्की. घोडं अडलंय ते सामान हलवणाऱ्या कंपनीपाशी.

पहिली कंपनी मोठी. टाय लावलेले गृहस्थ आले, खोल्यांतून फिरले आणि तुझ्या वहिनीच्या हातमागाकडे बोट दाखवून म्हणाले, लाकडी सामान, किरकोळ. ज्या मागावर तिने अर्ध्या गल्लीचे पडदे विणले तो किरकोळ! तिने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसरी कंपनी स्वस्त, पण आमचं सामान इतरांच्या सामानाबरोबर एकाच ट्रकातून येणार, आणि कधी पोचेल ते पोचल्यावर कळवू म्हणाले. ती नाकारली हे मलाही पटलं.

तिसरी कंपनी एक बाई चालवतात. त्यांनी कपाटं उघडून सगळं पाहिलं, मोडतोड झाली तर भरपाईची लेखी हमी द्यायला तयार झाल्या. माग आपण कधी हलवलेला नाही हेही त्यांनी सरळ सांगितलं, आणि तो सुटा कसा करायचा ते दाखवाल का, असं विचारलं. मला वाटलं, सुटलो. तर वहिनी म्हणते, बाईंचा आवाज फार मोठा आहे!

आवाजावरून कुणी ट्रक नाकारतं का? तूच लिही तिला चार शब्द. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

माझा लोभ आहे तसाच आहे. त्याचं भाडं वाढत नाही.

तुझा,
दादा


१२ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाचं गाऱ्हाणं पोचलं. मी दिवसभर दवाखान्यात लोकांचे एक्स-रे काढते, त्यामुळे आरपार बघायची खोड लागली आहे. पहिल्या कंपनीला नाही म्हणालीस, बरं केलंस. दुसरीलाही. पण तिसऱ्या बाईंचा आवाज? अगं, तुझा माग चालू असला की तुला दारावरची घंटा ऐकू येत नाही. तुला कुणाचा आवाज कधीपासून खुपायला लागला?

मला वाटतं, नको आहे ती कंपनी नाही, येणंच नको आहे. चुकत असेन तर भेटल्यावर कान पीळ. बरोबर असेन तर कारण लिही. दादाला दाखवणार नाही. रागावणार नाही असंही म्हणणार होते, पण तू मला ओळखतेस.

मनात काही ठेवू नकोस, आणि माया ठेवायला विसरू नकोस.

तुझी,
बारकी


१९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. आ.

ओळखलंस, पण अर्धंच. यायचं मला आहेच. भाड्यापायी हे दोन-दोन छापखान्यांची कामं घेऊन बसतात, डोळे लाल होतात, आणि विचारलं तर जांभई आली म्हणतात. ते मला बघवत नाही.

पण तुझ्या दारासमोर नको गं. इथे मी मागवाली आहे. टपाल आणणारासुद्धा यांना मागवाल्या बाईंचे यजमान म्हणून ओळखतो. तिथे जिना तुझा, शेजारी तुझे, दुधवाला तुझा, दुकानदार तुझा; आणि मी तुझी भावजय. तू भाजी आणायला जाशील तेव्हा माझीही आणशील, माझ्या आधी माझ्या पडद्यांची तारीफ करशील, आणि सगळे चांगलंच वागतील, पण तुझ्याकडे बघून. तुझ्या मायेचीच मला धास्ती वाटते. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून त्या बिचाऱ्या बाईंच्या आवाजावर ढकललं. खरं तर तो आवाज मला आवडला.

हे वाचून दुखावशील, ठाऊक आहे. तरी खोटं लिहिण्यापेक्षा बरं.

रागावलीस तरी परकी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
वहिनी


२ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रागावले होते. चांगली फुगून बसले होते. मग आठवलं, नोकरीला इथे आले तेव्हा मी आत्याकडे राहायचे. तिने मला फुलासारखं जपलं, आणि मी सहा महिन्यांत गळक्या छपराच्या खोलीत पळाले. ती का, म्हणून विचारत राहिली आणि मला सांगता आलं नाही. तू निदान सांगितलंस.

समोरची जागा नको म्हणून कळवून आले. नदीपलीकडे, दोन बस बदलून जावं लागतं अशा भागात तळमजल्याची एक जागा पाहिली आहे. पुढची खोली रस्त्यावर उघडते, दार दोन फळ्यांचं, उजेड भरपूर. तिथे मला कुणी ओळखत नाही. मालकांना एवढंच म्हटलं की एक विणकर बाई आणि त्यांचे यजमान बघायला येतील. दादाला सांगितलंय की माझ्या जिन्यातून माग वर चढणार नाही. ते खोटंही नाही.

आता त्या आवाजवाल्या बाईंना परत बोलाव. पण तिथे भरणारी माणसंच इथे उतरवणार का, ते विचारून घे, आणि त्यांनी सामान हलवलेल्या एखाद्या घरी स्वतः जाऊन ये. आमच्या एका नर्सच्या आरशाचा वाटेत चुरा झाला. भरणारे म्हणाले उतरवणाऱ्यांनी केला, उतरवणारे म्हणाले भरणाऱ्यांनी. भांडायला ती अजून जाते आहे.

नदी मधे आली तरी लोभ कोरडा पडणार नाही.

तुझी,
बारकी


२१ एप्रिल

चि. बारकीस,
अ. आ.

आम्ही नीट पोचलो, हे तू पाहून गेलीसच. पण तू पाणी पिऊन लगेच बस पकडायला पळालीस, म्हणून बाकीचं लिहिते.

कंपनी मी तीच ठरवली. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे जाऊन आले. त्या घरातल्या आजीबाई म्हणाल्या, माणसं दांडगी दिसतात पण कपबशीसुद्धा बाळासारखी उचलतात. बाई स्वतः ट्रकबरोबर आल्या. मागाच्या प्रत्येक लाकडावर त्यांनी खडूने खूण केली आणि इथे मला विचारत विचारत तो उभा केला. एक खिळा वाया गेला नाही. मोडलं ते फक्त यांचं पुस्तकांचं कपाट, तेही यांनी हट्टाने स्वतः दोरीने बांधलेलं. स्वतः बांधलेल्याची भरपाई नसते, हे यांनी कंपनीच्या कागदावर वाचलं होतं म्हणे, त्यातली एक चूक दुरुस्त करता करता!

दार उघडं असलं की येणारे-जाणारे थबकतात. कोपऱ्यावरच्या शिंप्याने एवढ्यात सोफ्यांसाठी कापड मागितलंय. मी कुणाची कोण, हे त्याने विचारलं नाही. हे आता एकाच छापखान्याचं काम करतात आणि दुपारी खिडकीत चक्क घोरतात.

काल यांच्या तोंडून निसटलं की तुझ्या दारासमोरच्या जागेतल्या स्वयंपाकघराला तू सुट्टी काढून स्वतः रंग दिला होतास. पिवळा, मला आवडतो म्हणून. हे तू मला लिहिलं नाहीस. ऐकल्यावर काल माझ्याच्याने पुढे विणवलं नाही.

आता कामाचं. शिंप्याच्या कापडासाठी मागावर नवे उभे धागे चढवायचे आहेत. ते एकट्याचं काम नाही. समोर बसून दुसऱ्या कुणालातरी धागे सारखे ताणून धरावे लागतात. यांना बसवलं, तर बोलण्याच्या नादात हात सैल सोडतात आणि मी गुंता सोडवत बसते. हाक मारली तर इथली चार माणसं येतील, पण मला तूच हवी आहेस. शनिवारी ये आणि राहायचे कपडे आण. लाड करायला बोलावत नाही, चांगली राबवून घेणार आहे.

लोभ आहेच, शनिवारी हातही घेऊन ये.

तुझी,
वहिनी