तीन रव्या आणि गोपिकेचे नाव

मी, पंचफुला, कैलासवासी देवराव गिरडकर यांची पत्नी, वय वर्षे त्रेसष्ट, व्यवसाय घरगुती डबे, राहणार महाल, नागपूर, आज मंगळवार दिनांक ९ फेब्रुवारी १९८२ रोजी दुपारी माझ्या घराच्या ओसरीवर बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शेजारी वामनराव वकील बसले आहेत. कायद्याचे शब्द त्यांचे, बाकीचे माझे.

माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तितकेसे नाही. डॉक्टरांच्या पांढऱ्या गोळीने दुपारी झापड येते, आणि त्या झापडीत मला आमचे जुने स्वयंपाकघर दिसते. खिडकीतून ऊन आत येते, त्यात पिठाचा धुरळा तरंगत असतो, आणि गोपिका पाठमोरी बसून काहीतरी घुसळत असते. मी हाक मारते, पण ती वळत नाही. वामनराव म्हणाले, "हे लिहू नका वहिनी, उद्या कोणी म्हणेल बाईला भास होत होते." मी म्हटले, भास नव्हे, आठवण आहे, आणि ती शाबूत आहे हेच इथे नोंदवायचे आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असलेच तर ते अकरा वर्षांपूर्वीचे आहे आणि माझेच आहे.

कलम १. पोस्टातील बचत माझा एकुलता एक मुलगा वसंत, सध्या राहणार भिलाई, याला मिळावी. माझ्या पाटल्या आणि एकदाणी सुनेला, पुष्पलताला. ती एकदाणी कधी घालणार नाही हे मला माहीत आहे. मोडून दुसरे काही केले तरी माझी हरकत नाही.

कलम २. पलीकडच्या प्रेमिलाबाईंनी १९६८ साली लिंबाच्या लोणच्यासाठी नेलेली चिनी मातीची मोठी बरणी परत आलेली नाही. ती आता त्यांनाच द्यावी. मात्र ती माझी होती एवढे त्यांना एकदा मोठ्याने सांगावे.

कलम ३. माझ्या तीन लाकडी रव्या, म्हणजे दोरीवर फिरणारी मोठी, तळव्यांत फिरवायची मधली आणि वरणाची लहान, माझी नणंद गोपिका हिला मिळाव्यात. तिन्ही आम्ही दोघींनी मिळून निवडल्या होत्या, बडकस चौकाजवळच्या, लाकूड कातणाऱ्या एका काताऱ्याकडून. गोपिका निवडायला बसली की कातारी कंटाळून चहाला निघून जायचा. पुढे कोणाला उपयोग व्हावा म्हणून तिची रीत लिहून ठेवते.

रवी आधी दोन्ही तळव्यांत धरून हवेत फिरवावी. डगमगली तर तिचा दांडा वाकडा आहे, ती ठेवून द्यावी. मग पाकळ्यांच्या खाचांतून अंगठ्याचे नख फिरवावे. नख अडले तर तिथे लाकडाचे कूस आहे, ते एक दिवस कोणाच्या तरी घशात जाईल. बुड गोल हवे, आपल्या भांड्याच्या तळाला टेकेल असे, म्हणून भांडे सोबत न्यायला लाजू नये. लाकूड हळदूचे बरे, हलके असते आणि वास देत नाही. सागाची रवी दिसायला छान, पण बरेच दिवस ताकाला सागाचा वास येतो. नवी रवी दोन दिवस पाण्यात, एक दिवस ताकात ठेवावी आणि सावलीत वाळवावी.

वापरताना ती आधी तळाशी न्यावी, मग हळूहळू वर. आंबील करायची तर ज्वारीचे पीठ आधी थोड्याच ताकात कालवून घोटावे. गाठी असतात तोवर रवी तुटक बोलते. त्या मोडल्या की तिचा आवाज एकसारखा आणि खोल होतो, लांबच्या देवळात कोणी भजनाला बसल्यासारखा. तो आवाज लागेपर्यंत हात थांबवायचा नाही. गोपिका त्या वेळी डोळे मिटून घ्यायची. मला वाटे झोपली, पण हात चालूच असत.

कलम ४. माझ्याकडे चौथीही एक आहे, तारेची. ती कोणालाही देत नाही. तिचे काय झाले ते लिहिल्याशिवाय कलम ५ कोणाला समजणार नाही.

माझे यजमान १९६० साली गेले. वसंत तेव्हा नऊ वर्षांचा होता. गोपिका त्यांची धाकटी बहीण. नवऱ्याने टाकलेली म्हणून ती आधीपासून आमच्याकडेच राहत होती. आम्ही दोघींनी डबे सुरू केले. धंतोलीच्या दवाखान्यांत यवतमाळ, गोंदिया, चांदा, कुठून कुठून माणसे येत. घर लांब आणि तोंडाला चव नाही. अशा रोग्यांना आंबील, मुगाचे कढण, पातळ खिचडी असे आम्ही देत होतो. महालातलेच रुपराव आपल्या सायकलरिक्षातून डबे दवाखान्यापर्यंत नेत. गोपिका घोटायची, मी खाटेपर्यंत पोचवायची. अकरा वर्षांत एकाही डब्यात गाठ निघाली नाही.

मार्च १९७१ मध्ये मी सीताबर्डीवरून तारेची रवी आणली. चकचकीत होती, आणि दुकानातल्या बाईने दोन मिनिटांत वाटीभर सायीचा ढग करून दाखवला होता. गोपिकेने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "हे पसरट भांड्यासाठी ठीक आहे, वहिनी. आपल्या खोल गंजाच्या तळाशी, कोपऱ्यात हे पोचत नाही. वरून फेस येते, अन् फेसाखाली का आहे ते दिसत नाही."

मी म्हटले, "तुले नवीन काहीच नाही चालत वं."

दुसऱ्या दिवशी गोपिका विहिरीवर गेली असताना मीच त्या तारेच्या रवीने आंबील केली. वर सुरेख फेस आला. मी खूश झाले आणि डबा भरला.

तो डबा भंडाऱ्याकडच्या मधुकरराव नावाच्या मास्तरांना गेला. त्यांच्या गळ्याचे ऑपरेशन झाले होते. दुसऱ्या घोटालाच पिठाची गाठ अडकली. मी खाटेशेजारी उभी होते. त्यांचा चेहरा निळा होत गेला. नर्सने त्यांना उपडे केले, पाठीवर थापा मारल्या, आणि किती वेळाने कोण जाणे, त्यांनी श्वास घेतला. तो श्वास मी अजून ऐकते. पुढे ते बरे होऊन घरी गेले. देवाची दया.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारले, "ही आंबील कोणी घोटली?"

वसंत तेव्हा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता. डबे बंद झाले असते तर त्याचे शिक्षण बंद झाले असते. हे सगळे तेव्हाच माझ्या मनात आले, की नंतर मीच ते मनात आणून ठेवले, हे आज मला सांगता येत नाही. मी म्हटले, "माझ्या नणंदेनं."

डॉक्टर म्हणाले, उद्यापासून त्या बाईचा हात आमच्या रोग्याच्या अन्नाला लागता कामा नये. मी कबूल केले.

घरी आले तेव्हा रुपरावांनी सगळे आधीच सांगितले होते. गोपिका चुलीजवळ उभी होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "तुमचं नाव गेलं तं डबे बंद होतीन. माझं गेलं तं मी जाईन, एवढंच." रागाने म्हणाली नाही. भाकरी उलटायची आहे, अशा आवाजात म्हणाली. चौथ्या दिवशी ती भिवापूरला मावसभाऊ कवडूकडे गेली. मी "नको जाऊ" म्हटले, पण "मी केले" म्हटले नाही.

१९७९ साली एका लग्नासाठी भिवापूरला गेले तेव्हा तिला भेटले. अंगणभर मिरच्या वाळत होत्या, सगळी जमीन लालभडक, आणि त्यात ती पांढऱ्या लुगड्यात बसून देठ काढत होती. तिचे डोळे लाल होते, माझेही झाले. मिरचीने झाले असे आम्ही दोघी धरून चाललो. मी विचारले, "कशी आहेस वं?" ती म्हणाली, "बरी आहो, वहिनी." तिने ताक दिले. मी ते पिऊन बसने परत आले.

तारेच्या रवीचा दोष नाही. तिचे काम वेगळे होते.

कलम ५. महालातील माझे दोन खोल्यांचे घर, ओसरी, नळ आणि मागच्या पेरूच्या झाडासह, माझ्या पश्चात गोपिकेला मिळावे. वसंता, तू विचारशील, "आत्याले काहून?" तर ज्या शिक्षणावर तू आज भिलाईत उभा आहेस ते तिच्या नावावर झाले आहे, म्हणून. नाराज झालास तरी चालेल, पण वाच दोनदा.

कलम ६. वामनराव म्हणतात कलम ४ ची कायद्याला गरज नाही, ते काढावे. मी काढत नाही. उलट माझी अशी इच्छा आहे की हा कागद माझ्या मरणाची वाट पाहत पेटीत पडू नये. मेल्यावर खरे बोलणे फार सोपे आहे. याची एक नक्कल रुपराव उद्याच्या बसने भिवापूरला नेऊन गोपिकेच्या हातात देतील, आणि दुसरी भिलाईला पोस्टाने जाईल. तिला मला काही बोलायचे असेल तर मी अजून आहे.

सही: पंचफुला देवराव गिरडकर

पुरवणी, बुधवार दिनांक ३ मार्च १९८२.

काल दुपारी गोळी घेऊन पडले होते. जाग आली तेव्हा पायथ्याशी गोपिका बसली होती, मांडीवर एक पिशवी. स्वप्न समजून मी पुन्हा डोळे मिटले. मग ती खोकली.

"इतकं लांब काहून लिहिलं वं वहिनी? एका ओळीत झालं असतं."

मी विचारले, "तुले तेव्हाच माहीत होतं?"

"तारेची रवी तशीच ठेवून गेल्या होत्या तुम्ही. पीठ वाळलं होतं तिले. मीच धुतली."

"मंग बोलली काहून नाही?"

ती पिशवीची गाठ सोडत म्हणाली, "तुम्ही बोलाल म्हणून वाट पाहून राहिली होती."

मी खूप रडले. ती माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती, आणि बाहेर पेरूच्या झाडावर पोपटांनी कलकलाट केला होता. बराच वेळ आम्ही ते पोपट मोजत बसलो, आमचा आकडा काही जुळेना. मग मी घराचे काढले. ती म्हणाली, "तुम्ही मेल्यावर घर घेऊन मी का करू? आता राहू द्या ना मले."

वसंताचे पत्रही आले आहे. त्याने लिहिले आहे: "आई, डब्यांवर शिकलो हे मला ठाऊक होते. आत्या का गेली हे मी कधी विचारले नाही, ही माझी चूक. सही कुठे करायची ते कळव."

सबब कलम ५ मधील "माझ्या पश्चात" हे शब्द मी खोडले असून त्यांच्या जागी "आजपासून" असे लिहिले आहे, आणि शेजारी सही केली आहे. वामनरावांनी चष्मा काढून सांगितले की असे केल्यास हे मृत्युपत्र राहत नाही, बक्षीसपत्र होते. नवा स्टॅम्प लागेल, आणि मला स्वतः रजिस्ट्रारच्या कचेरीत यावे लागेल, तिथे दोन जिने आहेत. गोपिका म्हणाली, हळूहळू चढू.

सही: पंचफुला देवराव गिरडकर
ठिकाण: महाल, नागपूर

आमच्यासमक्ष सही केली.
साक्षीदार १: रुपराव, सायकलरिक्षाचालक, राहणार महाल
साक्षीदार २: यमुताई, शेजारीण, राहणार महाल