हायवेवरचं स्थळ

अम्मी, तो गॅरेजवाला माणूस कधी नव्हताच, हे मला परवा कळलं. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, मला नर्स होऊन अठ्ठावीस. मधल्या इतक्या वर्षांत तू एकदाही बोलली नाहीस.

आमच्या आरोग्य केंद्रातल्या लोकांना एक दिवसाचं प्रशिक्षण होतं, माणसं निर्णय कसे घेतात यावर. लसीला, तपासणीला लोकांना कसं वळवायचं ते शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, एखादी वस्तू दुकानदार मांडतो ती विकायला नाहीच. ती शेजारी असली की दुसरी चांगली दिसते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपणच निवडली. सगळे हसले. मला वेल्ह्याचा बाजार दिसला. मी दहा वर्षांची, बांगड्यांची पेटी धरून तुझ्या मागे बसलेय. मार्गासनीच्या एका बाईपुढे तू हिरव्या बांगड्या ठेवतेस आणि शेजारी त्या मळकट कत्थई. मी मोठ्यानं विचारते, "अम्मी, ह्या कुणीच घेत नाही, तरी का आणतेस?" तू माझ्या मांडीला चिमटा काढतेस. बाई हिरव्या भरून गेल्यावर म्हणतेस, "घेत न्हाईत म्हणूनच आणते. गिऱ्हाइकापुढं तोंड मिटून बसायचं."

मॅडम पुढचं बोलत होत्या, पण मी आपल्या भोरच्या स्वयंपाकघरात पोचले होते. माझा बारावीचा निकाल लागलाय, अब्बांना जाऊन वर्ष झालंय. तू भाकरी थापतेयस आणि माझ्याकडे न बघता सांगतेस, "हायवेवरचं स्थळ आलंय. गॅरेज हाय. बायको वारली, दोन पोरं हायेत. न्हाईतर पुण्याला नर्सिंगचा फॉर्म भर. तुजं तू ठरव." मला दोन्ही नको होतं. मला तुझ्याबरोबर बाजार करायचा होता. पण त्या माणसाचं ऐकून इतकी घाबरले की ते तोंडातून निघालंच नाही. तव्यावरची भाकरी उलटायच्या आत मी "नर्सिंग" म्हणून मोकळी झाले. नंतर कितीतरी वर्षं एसटी हायवेला लागली की मी खिडकीकडून मान फिरवायचे, एखाद्या गॅरेजच्या दारात तो उभा असेल म्हणून.

प्रशिक्षण संपल्यावर मी तडक तुझ्या बहिणीकडे, खालाकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "खाला, ते हायवेवरचं स्थळ कुणी आणलं होतं?"

"कुठलं स्थळ?"

"गॅरेजवालं. दोन पोरांचं."

खाला हसायला लागली. "अजून ध्येनात हाय व्हय तुज्या? आगं, तसं कुणी नव्हतंच. तुजी अम्मी म्हणली, हिला सरळ सांगितलं तर ही हितनं हलायची न्हाई. म्हणून उभा केला एक माणूस. गॅरेज तिचं. दोन पोरं म्या सुचवली."

खाला बोलत होती, काचांनी चिरलेली तुझी बोटं तिला आठवत होती, पोरीला हे नको असं तू म्हणायचीस, हेही सांगत होती. नोकरीनं माझं सगळं चांगलंच झालं, अम्मी. खेड्यापाड्यांत बाया सिस्टर म्हणून मान देतात. पण ज्याला मी आयुष्यभर माझा निर्णय म्हणत आले, तो तुम्ही दोघी बहिणींनी बसून बेतला होता. आणि मला सरळ विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, हे तुझ्याइतकंच मलाही ठाऊक आहे; त्यामुळे धड भांडताही येत नाही.

माझ्या मुलीला मी लहानपणापासून सांगत आलेय की त्या काळात पोरींना कोण विचारत होतं, पण नानीनं मला विचारलं. परवा घरी आले तेव्हा ती म्हणाली, "काय म्हणत होत्या खालानानी?" मी म्हटलं, काही नाही, गुडघे दुखतात म्हणत होती. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: ते बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.