दोन वेळा च्च

१२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

या परक्या देशातली वृद्धाश्रमाची नोकरी बरी चालली आहे, म्हणजे अजून कुणी हाकललेलं नाही. इथली भाषा मला ‘हो’, ‘नाही’ आणि ‘दुखतंय का’ एवढीच येते. बाकी सगळे हातवारे. आपण ऐकताना मान डोलावतो ना, त्याने मुख्य बाई वैतागतात. मी होकार देतेय की मान लचकलीय, हेच त्यांना कळत नाही.

खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा मात्र माझे पक्के दोस्त. छातीवर हात ठेवला की पोट भरलं, भुवई उडवली की चहा हवा. काल त्यांनी माझ्या मानेची नक्कल केली आणि ठसका लागेपर्यंत हसले. पण ते आता फार दिवस काढणार नाहीत. मुलीशी बोलणं तुटलंय. तिचा फोटो दाखवतात आणि डोळे पुसतात. मी आपली खांबासारखी उभी राहते.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
चिमणी

२० फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुला शब्द कमी पडताहेत हे वाचून तुझे मेहुणे म्हणाले, सूर्य पश्चिमेला उगवला की काय! अगं, आई आठव. कुणाचं दुःख ऐकलं की ती हात धरून नुसती च्च च्च करायची, आणि माणसाचा अर्धा भार उतरायचा. माया कुठल्याही मुलखात कळते. तू तेवढंच कर.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमचा जीव तुझ्यातच आहे.
ताई

३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

आजोबा गेले. त्या सकाळी त्यांनी मुलीचा फोटो छातीवर ठेवून दाराकडे बोट दाखवलं. तिला बोलवा, हे मला लख्ख कळलं. प्रकृती बिघडल्याचा फोन ऑफिसने केलाच होता. संध्याकाळी ती आली आणि खोलीबाहेरच थबकली. चेहरा पार उतरलेला. खोलीकडे बोट करून तिने मला हळूच काहीतरी विचारलं. मला भडभडून आलं. मी तिचा हात धरला आणि आईसारखं च्च च्च केलं. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं, हात सोडवून घेतला आणि जिना उतरून गेली. मला वाटलं, डोळे पुसून येईल.

रात्री आजोबा दाराकडे बघतच गेले.

मुख्य बाईंनी मग मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की इथे च्च म्हणजे ‘नाही’. मुलीचा प्रश्न समोरच्या खोलीतल्या आजींनी ऐकला होता, बाबा मला आत येऊ देतील का? आणि मी नाही म्हटलं, ताई. एकदा नाही, दोनदा.

ती आयुष्यभर समजणार की बापाने दारातून परत पाठवलं. सांगू का तिला?
चिमणी

११ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

ती अक्कल मी शिकवली, तेव्हा दोष माझ्या पदरात टाक. पण तू गप्प राहा. नोकरी जाईल, आणि गेलेला माणूस काही परत यायचा नाही. झाकली मूठ राहू दे. हात जोडून सांगते, एवढं ऐक.
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं ऐकलं नाही. मुख्य बाईंनी सोबत यायला नकार दिला, गेलीस तर परत येऊ नकोस म्हणाल्या. ऑफिसच्या वहीतून पत्ता उतरवून घेतला आणि एकटीच गेले. तिच्या दारात उभं राहून आधी च्च केलं, मग स्वतःचे डोळे पुसून दाखवले, पुन्हा च्च, पुन्हा डोळे. शेजारीण बघायला बाहेर आली. वेड्यासारखं किती वेळ केलं कोण जाणे. मग छातीवर फोटो ठेवल्यासारखा हात ठेवला, तिच्याकडे बोट केलं आणि दाराकडे.

तिला कळलं. कळताना मी तिच्याकडे पाहत होते, ते मला बघायला नको होतं. बाबांनी बोलावलं होतं का, असं तिने विचारलं असावं. मी मान ताठ धरली आणि इथल्या भाषेत ‘हो’ म्हटलं. ती उंबऱ्यावरच खाली बसली. तिने तो शब्द मला पुन्हा म्हणायला लावला, आणि पुन्हा. मग उठली आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

दुसरी नोकरी शोधते आहे. रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी,
चिमणी